विषय क्रमांक चार

गुरुवारी साडेचारला पाटी समिती बसते,
दुसऱ्या मजल्यावर, जिथला पंखा
कागद उडवतो आणि माणसांना वारा देत नाही.
मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं
दुसऱ्यांची वाक्यं सरळ करून ठेवते:
कुणी ओरडलं, तर ‘मत मांडले’,
कुणी उठून गेलं, तर ‘अनुपस्थित’.

नियम साधा आहे. दहीपुलापासून खाली उताराला
सगळ्या पाट्या अडीच फूट उंच,
जमीन तपकिरी, अक्षर साईच्या रंगाचं,
वळण एकच, मंजूर केलेलं.
गल्ली एका हातानं लिहिल्यासारखी दिसेल, म्हणाले.

विषय एक, शिरसाठ रफू: मंजूर.
काही दिसू न देण्याची त्यांना सवयच आहे.
विषय दोन, भावसार, साड्या रंगवणारे.
त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले,
नखांत निळं, तळव्यांत राणी,
आणि विचारलं, तपकिरी हा कशाचा रंग?
मी लिहिलं: अर्जदाराने शंका उपस्थित केली.
विषय तीनला पार्किंग मिळालं नाही.

विषय चार जिन्यानं आला.
लिफ्टमध्ये मावत नव्हता.
पुढे हातिम कुलूपवाला, मागे त्याचा भाचा,
मध्ये चार फुटांची सागवानी किल्ली,
पिवळ्या रंगाचे पोपडे,
दात्यांत कबुतरांच्या काड्या.

नियम सात (क): भिंतीपासून नऊ इंचांपुढे
कोणतीही वस्तू येणार नाही.
किल्ली भिंतीला काटकोनात टांगलेली असायची,
चढणाऱ्यालाही दिसावी, उतरणाऱ्यालाही.

हातिमनं भाषण आणलं नव्हतं.
पेठहून येतात, म्हणाला, सुरगाण्याहून येतात,
एसटीतून उतरून विचारतात, किल्ली कुठं?
नाव वाचून कुणी येत नाही, साहेब.
माझं नाव मलाच लाइटबिलावर दिसतं.

तेव्हा खैरनार सर, चित्रकलेचे, निवृत्त,
जे चहा आल्याशिवाय बोलत नाहीत,
चहाआधी बोलले:
ही वस्तू नाही. हे अक्षर आहे.

आर्किटेक्ट बाईंनी चष्मा काढला.
अक्षर असेल, तर मराठीत आहे का?
व्यापारी संघाचे लोढा म्हणाले, ठळक तर आहे.
अभियंता म्हणाले, मंजूर वळणात बसत नाही.
सर उठले, बोट ठेवून दाखवू लागले:
हा काना. हा पोटफोडा, दात्यांपाशी.
आणि हा वरचा गोल, अनुस्वार म्हणा,
फक्त आपला बुजलेला असतो,
यातून पलीकडची गल्ली दिसते.
भाचा हसला. हातिम हसला नाही.

माझं पेन थांबलं.
माझ्या टेबलाचा डावा खण
अकरा वर्षांपूर्वी याच माणसानं उघडून दिला होता,
तीस रुपये घेऊन, आत काय आहे ते न बघता.
हे इतिवृत्तात येत नाही.

लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.
वस्तू की अक्षर, याबाबत अभिप्राय मागवावा.
कोणाकडून, ती जागा रिकामी सोडली.
विषय तहकूब. किल्ली तोवर कार्यालयात जमा.

ती आता रेकॉर्ड रूमच्या कपाटावर आडवी आहे,
टोक बाहेर, नऊ इंचांहून बरंच जास्त.
शिपाई जाता-येता डोकं वाकवतो.

काल घरी जाताना मुद्दाम उतारावरून गेले.
तपकिरी, तपकिरी, तपकिरी,
मग भिंतीत दोन गंजके आकडे.
एक बाई, हातात बंद कुलूप, कोपऱ्याला साडीची चिंधी बांधलेलं,
पाट्यांखालून वर गेली, खाली आली, पुन्हा वर.
मी तिला वाचून दाखवणार होते.
तेवढ्यात हातिमनं आतून, बाहेर न बघता,
कानस लोखंडावर ओढायला घेतली.
बाई त्या आवाजाकडे वळली.

नियमांत आवाजाचं कलम नाही.
मी दोनदा पाहिलं.